झाडांची हजेरी

शरद ऋतूतील एका रविवारी सकाळी मी मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत एका बाकावर बसलो होतो. पावसाळा नुकताच सरला होता. वाटेच्या कडेला एक उंच, सरळ वाढलेले झाड होते आणि त्याच्याखालची जमीन लांब देठांच्या पांढऱ्या फुलांनी झाकून गेली होती. वाऱ्याची झुळूक आली, की आणखी दहावीस फुले गिरक्या घेत खाली येत. त्यांचा मंद, गोड वास साऱ्या वाटेवर दरवळत होता. त्या वाटेने माणसांची रीघ लागली होती; परंतु सगळ्यांची पावले झपाझप पुढे पडत होती. सगळ्यांना पेंग्विन पाहायचे होते.

एवढ्यात एक सातआठ वर्षांचा मुलगा थांबला. त्याने वाकून एक फूल उचलले, त्याचा वास घेतला आणि बरोबरच्या वृद्ध गृहस्थांना विचारले, "आजोबा, हे कशाचं फूल?"

आजोबा घाईत होते. ते म्हणाले, "अरे, झाडाचं फूल! चल लवकर, तिकडे रांग वाढेल."

आसपासची माणसे हसली. मीही हसलो. पण ते उत्तर काही केल्या माझ्या मनातून जाईना. आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. फूल झाडाचेच होते. मात्र एखाद्या मुलाकडे बोट दाखवून आपण 'हा कोण?' असे विचारले आणि समोरच्याने 'माणसाचा मुलगा' असे सांगितले, तर आपले समाधान होईल काय? माणसाच्या बाबतीत जे उत्तर आपल्याला हास्यास्पद वाटते, तेच झाडाच्या बाबतीत आपण निमूटपणे स्वीकारतो. यात आपले मोठे नुकसान आहे आणि झाडांचे त्याहून मोठे आहे, असे मला वाटते. ते कसे, हे मी तुम्हांला या राणीच्या बागेच्याच उदाहरणाने सांगणार आहे.

या बागेची कहाणी दीडशे वर्षांहून जुनी आहे. मुंबई शहरात एक वस्तुसंग्रहालय आणि एक वनस्पतिउद्यान असावे, म्हणून त्या काळी जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासारखी मंडळी खटपट करीत होती. तिचे फळ म्हणजे ही बाग. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती उघडण्यात आली. इंग्लंडच्या राणीचे, व्हिक्टोरियाचे नाव तिला दिलेले होते. लोकांनी त्याचे सुटसुटीत 'राणीची बाग' करून टाकले. पुढे १८७३ साली ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. स्वातंत्र्यानंतर तिला 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही 'राणीची बाग' हेच नाव आहे.

आज बहुतेक लोक या बागेत प्राणी पाहायला जातात. पण प्राण्यांचे पिंजरे येथे मागाहून आले. आधी आली ती झाडे. देशोदेशींची झाडे मुंबईच्या मातीत लावून पाहावीत, त्यांचा अभ्यास करावा आणि लोकांना ती पाहता यावीत, हा या बागेचा मूळ हेतू होता. त्यामुळे येथे आपल्या सह्याद्रीतील झाडांच्या शेजारी दूरदूरचे पाहुणेही उभे आहेत. हत्तीच्या पायासारख्या जाड बुंध्याचा गोरखचिंच हा आफ्रिकेतून आलेला वृक्ष. ज्याच्या खोडालाच फुले लागतात आणि ज्याच्या फुलात लोकांना नागफण्याखालचे शिवलिंग दिसते, तो कैलासपती दक्षिण अमेरिकेतील. केशरी-तांबड्या फुलांचे लांब घोस झुंबरासारखे लोंबविणारी उर्वशी ब्रह्मदेशातील. काही वर्षांपूर्वी या बागेतील वृक्षांची मोजणी झाली, तेव्हा २८६ जातींचे ३,२१३ वृक्ष भरले. गजबजलेल्या शहराच्या मध्यावर, पन्नास एकरांहून थोड्या अधिक जागेत, झाडांचे एवढे मोठे संमेलन भरलेले आहे. एखाद्या ग्रंथालयात निरनिराळ्या भाषांतील ग्रंथ असावेत, तशी ही बाग आहे. फरक इतकाच, की येथील ग्रंथ दर ऋतूला आपले पान स्वतःच उलटतात.

तुमच्या शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. बागेचे वर्षही तेव्हाच सुरू होते असे मानू आणि शाळेतील गुरुजींप्रमाणे एकेका झाडाची हजेरी घेऊ.

पहिल्या पावसाबरोबर गोरखचिंच जागा होतो. त्याच्या बोडक्या फांद्यांना हाताच्या पंजासारखी पाने फुटतात. मग लांब देठांवर मोठी पांढरी फुले लोंबू लागतात. ती संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतात. माणसे घरी गेल्यावर त्यांच्याकडे वटवाघुळे येतात, मध पितात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवतात. आषाढ-श्रावणात कदंबाला लाडवासारखी गोल, पिवळी फुले येतात. वास्तविक तो प्रत्येक लाडू म्हणजे शेकडो लहान फुलांची एक सभाच असते. या दिवसांत जुन्या झाडांच्या खोडांवर शेवाळ चढते, खाचांतून नेचे डोकावतात. एकेक झाड अनेक लहान वनस्पतींचे घर होऊन जाते.

पाऊस ओसरला, की सातविणीची पाळी येते. तिची पाने एकाच ठिकाणाहून चक्रासारखी फुटतात. ती बहुधा सात असतात, म्हणून ती सातवीण. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती हिरवट पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांनी भरते आणि संध्याकाळी तिचा उग्र वास दूरवर जातो. हिच्या मऊ, हलक्या लाकडाच्या पूर्वी मुलांना लिहिण्यासाठी पाट्या करीत. म्हणूनच तिच्या शास्त्रीय नावात 'स्कॉलॅरिस', म्हणजे शाळेशी नाते सांगणारा, असा शब्द आलेला आहे. एके काळी शाळेत जाऊन बसलेले हे झाड आता आपल्यापैकी किती जणांना ओळखता येते?

थंडी पडू लागली, की काटेसावरीची पाने गळतात. काही आठवडे ती अगदी उघडी उभी असते. मग एके दिवशी त्या उघड्या फांद्यांवर लालभडक, मांसल पाकळ्यांची फुले दिसू लागतात. त्या फुलांत भरपूर मध असतो. साहजिकच मैना, बुलबुल, शिंजीर आणि कावळे यांची तेथे पंगत बसते. खाली उभे राहिले, तर पंगतीतला कलकलाट स्पष्ट ऐकू येतो. हिवाळा सरता सरता उर्वशी आणि सीतेचा अशोक फुलतात. रस्त्याच्या कडेला लावतात ते उंच, निमुळते झाड पुष्कळ लोक अशोक समजतात. पण ते आसुपालव होय. खऱ्या अशोकाला केशरी फुलांचे गुच्छ येतात आणि दिवस जातील तसे ते लाल होत जातात. फाल्गुनात पळस व पांगारा पेटतात, आणि चैत्रात पिंपळाला तांबूस, चकचकीत पालवी येते. वैशाखात ऊन असह्य होते, तेव्हा बहाव्याचे पिवळे झुंबर लटकू लागते; गुलमोहर लाल होतो; आणि आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प म्हणून ज्याला मान मिळाला आहे, ते ताम्हण जांभळ्या फुलांनी भरून जाते. हजेरी पुरी होते न होते, तोच पुन्हा आकाशात ढग दिसू लागतात.

आता पुन्हा गोरखचिंचेकडे चला. मी तुम्हांला त्याची पावसाळ्यातील शोभा सांगितली. पण तुम्ही फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये बागेत गेलात, तर त्याच्यावर एकही पान दिसणार नाही. सुजलेला करडा बुंधा आणि मुळांसारख्या दिसणाऱ्या वेड्यावाकड्या फांद्या, एवढेच त्याचे रूप असते. एका उन्हाळ्यात त्याच्याकडे पाहून एक सद्गृहस्थ आपल्या सोबत्यास म्हणाले, "हे झाड केव्हाच वाळलेलं दिसतं. तोडून का टाकत नाहीत?" त्यांच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता. त्यांना फक्त ठाऊक नव्हते. गोरखचिंच हा कोरड्या प्रदेशातील वृक्ष आहे. पावसाचे पाणी तो आपल्या मऊ खोडात साठवितो आणि कोरड्या दिवसांत पाने टाकून तग धरतो. याच युक्तीने तो शेकडो वर्षे जगतो. ही गोष्ट ज्याला माहीत नाही, त्याला जिवंत झाड मेलेले दिसते. आणि एकदा झाड मेलेले दिसले, म्हणजे कुऱ्हाड फार दूर राहत नाही.

म्हणून मी म्हणतो, की झाडाची ओळख असणे ही केवळ हौसेची बाब नव्हे. तिच्यावर झाडाचे आयुष्य अवलंबून असते. हे म्हणणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. त्यांच्यासाठी याच बागेत घडलेली एक हकिकत सांगतो.

सुमारे २००७ साली या बागेचा कायापालट करण्याची एक मोठी योजना पुढे आली. परदेशांतील प्राणिसंग्रहालयांच्या धर्तीवर येथे भव्य प्राणिसंग्रहालय उभारावे, अशी ती कल्पना होती. तिच्यामागील एक विचार रास्त होता, हे कबूल केले पाहिजे. जुन्या, अरुंद पिंजऱ्यांत प्राण्यांचे हाल होत होते आणि त्यांना चांगली जागा मिळणे आवश्यकच होते. परंतु एवढी बांधकामे करायची, तर झाडांचे काय होणार? बागेत येणाऱ्या हजारो लोकांपैकी बहुतेकांना हा प्रश्न सुचला नाही. तो सुचला काही थोड्या नागरिकांना. वनस्पतींचा अभ्यास करणारी, या बागेत वर्षानुवर्षे हिंडलेली अशी ती माणसे होती. त्यांत स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. त्यांच्याजवळ सत्ता नव्हती, पैसाही नव्हता. त्यांच्याजवळ झाडांची यादी होती. कोणते झाड कोठे आहे, ते कोणत्या देशाचे, मुंबईत त्याच्या जातीची आणखी किती झाडे आहेत, त्याला फूल केव्हा येते, हे त्यांना सांगता येत होते. त्यांनी लोकांना बागेत बोलावून झाडे दाखविली, अर्ज केले, वृत्तपत्रांतून लिहिले, सुनावण्यांना जाऊन आपली बाजू मांडली. हे काम एकदोन महिन्यांचे नव्हते. त्यात काही वर्षे गेली. अखेर ती मूळ योजना जशीच्या तशी अमलात आली नाही. नंतर नवे आराखडे झाले, प्राण्यांसाठी नवी घरे बांधली गेली, २०१७ साली पेंग्विनही लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. या सगळ्याविषयी मतभेद असू शकतात आणि ते आहेतही. परंतु बागेत काही करावयाचे तर झाडांचा विचार केल्याशिवाय चालणार नाही, ही गोष्ट त्या मूठभर माणसांनी शहराच्या गळी उतरविली.

येथे एक शंका घेतली जाते. लोक म्हणतात, "एक झाड तोडले तर दहा लावू. त्यात बिघडले काय?" हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. आपल्या राज्यात शहरांतील झाडांसाठी १९७५ पासून एक कायदा आहे. झाडांची वेळोवेळी गणना करावी आणि परवानगीशिवाय झाड तोडू नये, असे तो सांगतो. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड हा वारसा समजावा, आणि झाड तोडणे अटळच झाले तर ते जितक्या वर्षांचे असेल तितकी नवी रोपे लावावीत, असे ठरले. हा नियम चांगला आहे. निदान वयाला किंमत आहे हे तो मानतो. तथापि शंभर वर्षांच्या एका झाडाच्या जागी शंभर रोपे लावली, तरी त्या शंभरांत मिळून पोपटाला घरटे करण्यासारखी एक ढोली सापडत नाही. वटवाघुळांना लटकायला एक फांदी मिळत नाही. भर दुपारी एका म्हातारीला बसता येईल एवढी सावली पडत नाही. रोप विकत मिळते, खत विकत मिळते, माळ्याची मजुरी देता येते. गेलेली शंभर वर्षे मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाहीत. ती कोणीतरी आपल्यासाठी आधीच खर्च केलेली आहेत.

ज्यांनी ती खर्च केली, त्यांचा विचार करा. १८६२ सालच्या सुमारास ज्या माळ्यांनी येथे खड्डे खणले, रोपे लावली, उन्हाळ्यात त्यांना पाणी घातले, त्यांची नावे आज कोणाला माहीत नाहीत. आपण लावलेल्या झाडाची पूर्ण वाढ पाहण्याचे भाग्य त्यांतील फारच थोड्यांना लाभले असेल. तरीही त्यांनी ती लावली. मग त्या सावलीचा धनी कोण? पहाटे फिरायला येणारे म्हातारे लोक तिचा उपभोग घेतात. लालबाग-परळच्या चाळींतील कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या सुट्टीच्या दिवशी येथे येऊन डबे उघडले. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी वह्या घेऊन येथे येतात; बकुळीखाली वाकून फुले वेचणाऱ्या बायका येतात; हिवाळ्यात फुलांचे आणि भाज्यांचे प्रदर्शन भरते, तेव्हा तर साऱ्या शहरातून माणसे लोटतात. या माणसांची जात वेगळी, भाषा वेगळी, ऐपत वेगळी. झाडाखाली मात्र सगळे एकाच सावलीत बसतात. बाग राणीची नव्हे आणि कोणा एकाची नव्हे. ती सर्वांची आहे.

परंतु 'सर्वांची' या शब्दात एक धोकाही लपलेला असतो. जे सर्वांचे, त्याची काळजी कोणीच घेत नाही, असा अनुभव आपल्याला पावलोपावली येतो. सार्वजनिक नळ गळत राहतो, सार्वजनिक बाक मोडून पडतो, आणि जो तो म्हणतो, 'दुसरा कोणी पाहील.' यावर उपाय काय? कुंपण घालता येते, पहारेकरी ठेवता येतो, दंडाची पाटी लावता येते. या गोष्टी हव्यातच. पण त्या पुरेशा नाहीत. माझ्या मते खरा पहारा ओळखीचा असतो. तुमच्या वर्गात गुरुजी रोज हजेरी घेतात. त्यामुळे एखादा मुलगा आला नाही, तर ते लगेच सर्वांच्या ध्यानात येते. कोणी तरी विचारते, 'तो का आला नाही? आजारी आहे काय?' आता अशी कल्पना करा, की वर्गात कोणालाच कोणाचे नाव ठाऊक नाही. मग एक मुलगा कमी झाला काय आणि चार झाले काय, बाके थोडी मोकळी झाली एवढेच वाटेल. आपल्या शहरांतील आणि गावांतील झाडांची नेमकी हीच स्थिती आहे. त्यांची हजेरी कोणी घेत नाही. म्हणून ती गैरहजर झालेली कोणाला कळत नाहीत.

काही रसिक म्हणतील, "नावात काय आहे? फुलाचा वास घ्यावा, रंग पाहावा आणि आनंद मानावा. नावे पाठ करणे हा परीक्षेचा उद्योग झाला." पाठांतराविषयी त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. नुसती यादी घोकून कोणाची मैत्री होत नाही. परंतु मैत्रीची सुरुवात नावापासूनच होते. शाळेत नवा मुलगा आला, म्हणजे तुम्ही त्याला प्रथम काय विचारता? नाव कळले, की मग घर, गाव, आवडीनिवडी हळूहळू कळतात. झाडाचेही तसेच आहे. 'हा बहावा' असे एकदा कळले, म्हणजे पुढच्या वर्षी वैशाखात तुमची नजर आपोआप त्याच्याकडे वळेल. फुले उशिरा आली तर चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. एखाद्या दिवशी त्याच्या खोडावर खिळा ठोकून कोणी जाहिरातीची पाटी लावली, तर तो खिळा तुम्हांला टोचेल. आनंद मानण्यास नाव लागत नाही हे खरे. पण कोणाच्या बाजूने उभे राहायचे असेल, तर त्याचे नाव घ्यावेच लागते.

हे वाचणाऱ्या तुम्हां सर्वांच्या गावी राणीची बाग नाही. पण शाळेच्या आवारात एखादा कडुनिंब असेल. वेशीवर वड असेल, त्याला पार बांधलेला असेल. ओढ्याच्या काठी करंज किंवा उंबर असेल, बसच्या थांब्यापाशी एखादे पर्जन्यवृक्षाचे झाड हात पसरून उभे असेल. माझी तुम्हांला एकच सूचना आहे. एक वही करा. तिच्यात घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरील झाडांची नावे क्रमाने लिहा. ज्याचे नाव येणार नाही, त्याच्यासाठी जागा मोकळी सोडा आणि आजीला, शेतकऱ्याला, गुरुजींना विचारून ती भरा. मग महिन्यातून एकदा हजेरी घ्या. पाने गळली काय, पालवी आली काय, कोणता पक्षी बसला होता, फुले कोणत्या आठवड्यात दिसली, ते लिहा. सरकारी मोजणी काही वर्षांनी एकदा होते; तुमची दर महिन्याला होईल. वर्षअखेर ती वही पुढच्या वर्गातील मुलांच्या हाती द्या. दहा वर्षांनी त्या गावात एखादे झाड तोडण्याचा प्रश्न निघाला, तर ते झाड कोणाचे, कसले आणि किती कामाचे, हे सांगणारा एक लेखी साक्षीदार तुमच्याजवळ असेल. मोठ्या माणसांच्या सभेत लहान मुलांना बोलू देत नाहीत. पण नीट ठेवलेल्या वहीकडे दुर्लक्ष करणे कोणालाही कठीण जाते.

आता त्या रविवारची राहिलेली गोष्ट सांगतो. आजोबा नातवाचा हात धरून पुढे निघणार, एवढ्यात तेथे झाडलोट करणारा एक माळी थांबला आणि मुलाकडे पाहून म्हणाला, "बाळ, हे बुचाचं झाड."

आजोबांचे पाऊल जागीच थबकले. "बूच?" ते म्हणाले. त्यांनी खाली वाकून स्वतः एक फूल उचलले आणि नाकाशी नेले. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "अरे, हे तर आमच्या शाळेच्या मागं होतं! याच्या देठांची वेणी घालायचो आम्ही. दोरा लागत नाही, सुई लागत नाही. थांब, तुला दाखवतो."

ते माझ्या शेजारी बाकावर बसले. नातू ओंजळीने फुले आणू लागला आणि आजोबांची थरथरती बोटे एका देठात दुसरा देठ अडकवू लागली. पहिल्यांदा दोन-तीनदा वेणी सुटली. मग जमली. वीतभर वेणी झाली, तेव्हा नातवाने ती हातात घेऊन पाहिली आणि पलीकडच्या जाड बुंध्याच्या झाडाकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, आणि ते कोणतं?"

आजोबांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी माळ्याकडे पाहिले आणि म्हटले, "माळीदादा, तेवढं त्याचंही नाव सांगा."

तिकडे पेंग्विनांपुढची रांग वाढत होती. पण त्या दोघांना आता घाई नव्हती.